आधी एकक की आधी दशक?

पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर अंक गिरवी आणि तिन्हीसांजेला परवचा म्हणे. साध्या पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे थेट साडेतीनचा पाढा. सातारा-सांगलीकडच्या शेतकरी-वाण्यांच्या पोरांना एवढ्या अपूर्णांकांची गरज काय होती? ती बाजाराने लावलेली होती. कराडच्या गुळाचा किंवा सांगलीच्या हळदीचा भाव मणाचा, घरची खरेदी मात्र शेराची. मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. शेराला एक आणा पडला तर मणाचे चाळीस आणे, म्हणजेच अडीच रुपये. त्यामुळे मणाचा भाव साडेसतरा ऐकताच अडीचकी पाठ असलेले पोर सांगे, सात अडीचकी साडेसतरा, तेव्हा शेर सात आण्यांना. ना पाटी लागे ना पेन्सिल. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा सांगली जिल्ह्याचे नाव अजून दक्षिण सातारा होते. पाठोपाठ किलो आला आणि अडीचकीचे कामच संपले. परंपरा म्हणून ती कोणी धरून ठेवली नाही. मोजणीची रीत व्यवहारासाठी असते आणि व्यवहार बदलला की तीही बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही.

पाढे गेले, पण संख्यांची नावे राहिली, आणि खरी अडचण तिथेच आहे. संस्कृत एकविंशतीपासून झिजत आलेल्या या नावांत दोन हा अंक बावीसमध्ये ‘बा’, बेचाळीसमध्ये ‘बे’, ब्याऐंशीत ‘ब्या’ होतो आणि बत्तीसमध्ये नुसता ‘ब’ उरतो. शिवाय एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा. ‘सत्तावीस’मधला सात आधी कानावर पडतो, म्हणून मूल ७२ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात जुन्या नावांसोबत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी मांडणी दिली, ती याचसाठी. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली, तरी महाराष्ट्रभर गदारोळ झाला.

भाषा मोडतोय हा मुख्य आक्षेप होता. त्यावर झेक भाषेकडे पाहावे. झेक शिकायला बसलेल्या मराठी माणसाला द्वा, त्र्शी, देसेत, स्तो हे शब्द द्वि, त्रि, दश, शत यांचे सख्खे नातलग वाटतील, आणि ते आहेतच. पण एकवीसला तिथे दोन नावे आहेत: ‘द्वात्सेत येद्ना’ म्हणजे वीस एक, आणि ‘येद्नाद्वात्सेत’ म्हणजे अगदी आपला एकवीस. दोन्ही चालतात आणि त्याने झेक भाषा मोडलेली नाही. झेक मुलांच्या लेखनाचा अभ्यास झाला, तेव्हा अंकांची उलटापालट एकक आधी येणाऱ्या नावांत अधिक आढळली. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने दशक पुढे आणला. टेलिफोनवर आकडे सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागचे मोठे कारण होते. जुनी रीत तरी बोलण्यात टिकलीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पिढ्यान्पिढ्या मुले हेच शिकली, मग आताच्यांना काय झाले? पण जुन्या शाळेत किती मुले पोहोचत होती? मुली आणि बलुतेदारांची बहुतेक पोरे परवच्याला नव्हतीच. जी होती, ती घोकून तरली. जी तरली नाहीत, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. आज वर्गात सगळ्यांनी बसायचे आहे, तेव्हा कसोटी सगळ्यांची धरावी लागते. मोठा आकडा आधी म्हणणे मराठीला परकेही नाही. एकशे सत्तावीस म्हणताना आपण शतक पुढे ठेवतो, मग एककावर उडी मारतो आणि दशकाकडे मागे येतो. सत्तावीस बोलण्यात राहीलच, जसे सव्वा, दीड, अडीच पाढे गेल्यावरही राहिले आणि सांगलीच्या मंडईत आजही दीड किलो भाजी मागितली जाते. पाटीवर मात्र पहिल्या वर्षी वीस सात लिहू द्यावे.