काशाची वाटी आणि ऊर्जेचा हिशेब

मीरा रोड पूर्वेला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी आम्ही बारा-चौदा जण चटयांवर उताणे पडलो होतो. पडदे ओढलेले, मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत. ‘साउंड हीलिंग’ घेणाऱ्या ताई मधोमध बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे गोल गाद्यांवर धातूच्या नऊ वाट्या मांडल्या होत्या. चामडं गुंडाळलेल्या दांड्याने त्यांनी पहिली वाटी वाजवली. नाद इतका रेंगाळला, की तो नेमका कधी संपला हे मला सांगता आलं नसतं. माझ्या डाव्या हाताचे गृहस्थ आठवड्याचे सहा दिवस सकाळची भाईंदर लोकल पकडून चर्चगेट गाठतात. तिसऱ्या वाटीला ते घोरू लागले. पंचेचाळीस मिनिटांनी मी उठलो तेव्हा माझेही खांदे हलके झाले होते. हे आधीच कबूल करतो, कारण मला खंडन करायचं आहे ते या हलकेपणाचं नाही.

उठल्यावर ताईंनी कारण सांगितलं. शरीरात सत्तर टक्के पाणी. नाद त्या पाण्यात शिरतो. प्रत्येक चक्राची ठरलेली फ्रिक्वेन्सी असते, ती बिघडली की ‘ब्लॉकेज’. वाटी ४३२ किंवा ५२८ हर्ट्झला वाजली की पेशी पुन्हा सुरात येतात. त्यांनी आमच्या कपाळापासून चार बोटांवर तळहात धरला तेव्हा जाणवलेली ऊब म्हणजे विश्वऊर्जा. हे सगळं वेदांत होतं, लामांनी जपलं आणि आता विज्ञानानेही मान्य केलं. हा पूर्वपक्ष. बोलणारी माणसं बहुतेक सालस असतात, म्हणून तो नीट ऐकून घ्यावा आणि मग एकेक वीट काढून पाहावी.

पहिली वीट आकड्यांची. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. आपल्या जुन्या ग्रंथांत काळ घटका-पळांनी मोजला आहे. सेकंदच नाही, तर त्याला बांधलेला ४३२ चा आकडा वेदांत येणार कुठून? त्याहून मोठी अडचण घरातलीच आहे. आपल्या संगीतात षड्ज स्थिर नाही. एक गायक काळी एकमध्ये गातो, दुसरी गायिका पांढरी पाचमध्ये, आणि तंबोरा त्यांच्या गळ्याप्रमाणे लावला जातो. विशिष्ट आकड्यातच गुण असता तर आपल्या गवयांनी तो एव्हाना सोडला नसता. ५२८ चा उगम तर अगदीच अलीकडचा: जोसेफ प्युलिओ आणि लिओनार्ड होरोविट्झ यांचं १९९९ चं अमेरिकी पुस्तक. तिबेटी मठांत घंटा आहेत, झांजा आहेत. वाट्यांनी उपचार करण्याची रीत मात्र पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर रुजली. १९७२ मध्ये हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांची ‘टिबेटन बेल्स’ ही ध्वनिमुद्रिका आली, तिथून या नादाचं वेड पसरलं. नवं असणं हा दोष नव्हे. नव्याला खोटा जन्मदाखला देणं हा दोष आहे.

आता शास्त्राधार म्हणाल तर तो आपल्या महाराष्ट्रातच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ग्रंथकार राज्याच्या हिशेबखात्यातला आणि आयुर्वेद जाणणारा. स्वरांकडे वळण्याआधी तो गर्भात शरीर कसं घडतं ते सांगतो, चक्रं सांगतो, चक्रांच्या कोणत्या पाकळ्या गाण्याला अनुकूल तेही सांगतो. ताईंची बाजू मांडणाऱ्याला इथे आनंद व्हावा. पण पुढे वाचावं. त्याच्याकडे नाद शरीरातून उठून बाहेर येतो: मंद्र हृदयातून, मध्य कंठातून, तार मस्तकातून. विवेचन गाणाऱ्याच्या शरीराचं आहे. चटईवर निजलेल्या श्रोत्याच्या शरीरात बाहेरून नाद ओतण्याचं नाही. सात स्वर सात चक्रांना एकेक करून वाटून दिलेलेही तिथे नाहीत. आणि आपल्या वादाला सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे त्याने केलेला अनाहत आणि आहत हा भेद. अनाहत म्हणजे आघाताशिवायचा नाद. तो मुनींचा, मुक्तीचा, पण लोकांचं मन रमवणारा नव्हे, असं तो सरळ सांगतो आणि आहत नादाकडे वळतो. दांड्याने वाजवलेली वाटी म्हणजे शंभर टक्के आहत. तिला अनाहत चक्राची किल्ली म्हणायचं तर शब्दालाच टोला बसतो.

दुसरी वीट पाण्याची. हवेतून आलेला ध्वनी पाण्यावर आदळला की त्यातली जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते. हजारातला एखादा भाग आत जातो. म्हणून तर तलावात डोकं बुडवलं की काठावरची आरडाओरड एकदम विझते. वाटी थेट छातीवर ठेवून वाजवली तर कंप लागतो हे खरं, पण तो स्पर्श झाला. शिवाय वाटी एका फ्रिक्वेन्सीची नसतेच. ठोका पडला की तिच्यातून बेसुऱ्या अंतराचे अनेक स्वर एकदम निघतात. हातघडणीची वाटी तंतोतंत गोल नसल्याने त्यातला प्रत्येक स्वर दोन जवळजवळच्या स्वरांत फुटतो, आणि ते एकमेकांत मिसळून तो ‘घुंईऽ घुंईऽ’ असा हेलकावा तयार होतो. म्हणजे आपल्याला जे गोड वाटतं ते वाटीच्या ओबडधोबडपणातून येतं.

तिसरी वीट तळहाताची. ऊब खरी आहे. माणसाचं शरीर स्वस्थ बसूनही साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतं. प्रश्न आहे तो त्यापलीकडच्या ऊर्जेचा, आणि तो एका शाळकरी मुलीने निकालात काढला. अमेरिकेतल्या एमिली रोझाने हात न लावता ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणणाऱ्या २१ उपचारकांना पुठ्ठ्याच्या आडोशातून हात पुढे करायला लावले आणि नाणं उडवून त्यांच्या डाव्या किंवा उजव्या तळव्यावर आपला हात धरला. कुठल्या तळव्यावर हात आहे, एवढंच सांगायचं होतं. उत्तरं ४४ टक्के बरोबर आली. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मी आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा निबंध छापला गेला तेव्हा ती ११ वर्षांची होती. ते उपचारक तळहाताने ऊर्जा देणाऱ्या ‘रेकी’चे नव्हते, असा आक्षेप येईल. मग २००८ चा रेकीचाच प्रयोग घ्या: अंगदुखीचे १०० रुग्ण, काहींना खरे रेकी मास्टर, काहींना त्यांची नक्कल करणारे नट. दुखणं कोणाचंच हटलं नाही.

इथवर वाचून माझे विवेकवादी मित्र खूश होतील आणि म्हणतील, झालं तर, सगळं थोतांड! त्यांच्याशीही माझं जमत नाही. खुलासा खोटा ठरला म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. शेजारचे गृहस्थ घोरत होते ते नाटक नव्हतं. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद इथे आठवावेत. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही भक्तांची लाडकी समजूत त्यांनी प्रयोगशाळेत तपासली, ती टिकली नाही, आणि तसं त्यांनी लिहिलं. प्राणायाम मात्र शिकवत राहिले. त्याचा गुण दुसरीकडे शोधायचा, एवढाच अर्थ त्यांनी घेतला.

मग आमच्या चटईवर गुण कुठून आला? मला वाटतं, श्वासापासून सुरुवात करावी. इटलीचे लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला. लॅटिन रोझरी आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ झाली. उत्तनच्या कोळीवाड्यात संध्याकाळी रोझरीची माळ हातात घेऊन ‘नमो मारिया’ चालतं तेव्हा एकजण अर्धं म्हणतो, बाकीचे उरलेलं अर्धं. आपली पाळी नसते तेव्हा श्वास आपोआप लांबतो. माळ जपणाऱ्या त्या मंडळींना कोणी फ्रिक्वेन्सी सांगितलेली नाही. (घंटांचंही तसंच. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक. धातू तोच, स्वर तोच, आणि देव बदलला तरी हात जोडले गेलेच.)

बर्नार्डींचा २००६ चा प्रयोग मला अधिक आवडतो. संगीताच्या तुकड्यांमध्ये त्यांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. श्रोत्यांचं हृदय सर्वांत निवांत झालं ते त्या शांततेत. संगीत सुरू होण्याआधी होतं त्याहूनही निवांत. वाटीची करामत मला इथे दिसते. तिचा नाद एकदम तुटत नाही, तो लक्षाचं बोट धरून त्याला शांततेच्या दारापर्यंत नेतो. ज्या गावात लोकलचे भोंगे, महामार्ग आणि भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतली ठोकपीट दिवसभर कानांवर आदळते, तिथे पाऊण तास कोणी हाक मारणार नाही, फोन वाजणार नाही, याची किंमत मोठी आहे. उत्तनवरून गोराईच्या रस्त्याने गेलं की २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा लागतो. त्याच्या खांबांविना उभ्या घुमटाखाली आठ हजार माणसं बसू शकतात. विपश्यनेचे आचार्य गोएंका यांच्या पद्धतीच्या शिबिरात साधकाने मंत्र, कर्मकांड, इतर उपचार सगळं बाजूला ठेवायचं आणि येणारा-जाणारा श्वास पाहायचा. वाटीशिवायही ते दार उघडतं, असं दिसतं.

वाट्यांवरच्या अभ्यासांचं म्हणाल तर, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ जणांचा ताण आणि थकवा वाट्यांच्या सत्रानंतर उतरला. पण नुसत्या पडून राहिलेल्यांचा वेगळा गट तुलनेला नव्हता. तेव्हा श्रेय वाटीचं किती आणि चटईचं किती, हे त्यातून ठरत नाही.

‘मग ऊर्जा म्हटलं तर बिघडलं कुठे?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत गोड. बिघडतं ते पुढच्या वाक्यात. त्याच सत्रानंतर चहाच्या कपाबरोबर एका आजींनी विचारलं, साखरेची गोळी बंद करू का? ताईंनी नाही म्हटलं, याबद्दल त्यांना धन्यवाद. पण ‘पेशी सुरात आल्या’ हे ऐकल्यावर आजींना तो प्रश्न पडणं अगदी तर्काला धरून होतं. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. क्लबहाऊसमध्ये जाहिरात कोणी करत नाही, नुसतं कारण सांगतात.

आणि हे कारण सांगण्याचं खूळ काही बाहेरून आलेलं नाही. आमच्या घरी काशाची वाटी आहे, आजीची. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून तिने घासायचं. तूप काळं होतं, आणि ती अंगातली उष्णता निघाली म्हणायची. एकदा मी तीच वाटी तूप लावून न्हाणीघराच्या पांढऱ्या टाइलवर दहा मिनिटं घासली. टाइलीवरही काळा ओघळ आला. काशातलं तांबं झिजून तुपात उतरतं, ते मी आईला रीतसर समजावून सांगितलं.

‘टाइलीची निघाली असेल उष्णता,’ आई म्हणाली, आणि पाय पुढे केला. ‘उजवा झाला. आता डावा घास.’