आधी वेलांटी की आधी अक्षर?

टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटवायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटीची कळ दाबायची, मग ‘क’ची. कागदावर जे आधी दिसतं ते आधी. पनवेलसारख्या तालुक्याच्या गावी कोर्टकचेरीतल्या नोकरीच्या आशेनं मराठी टायपिंग शिकलेल्या पिढ्यांच्या बोटांत हाच क्रम मुरला होता.

१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला आणि क्रम उलटा झाला. आता उच्चाराप्रमाणे आधी ‘क’, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच लागू पडणारी, तर्कशुद्ध. पण कचेरीतल्या टंकलेखकाला तर्काशी काय देणंघेणं? वर्षानुवर्षांचा सराव मोडायचा कोणी? पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेनं आपल्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये इन्स्क्रिप्टबरोबर टंकलेखन यंत्राचा कळफलकही ठेवला. ‘युजर एक्सपिरियन्स’ ही पाटी कोणाच्या टेबलावर लागण्याआधी घेतलेला हा त्याच जातीचा निर्णय होता.

अक्षरांच्या रूपाचा प्रश्न वेगळ्या माणसांनी हाती घेतला. जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेले र. कृ. जोशी १९८३ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, शिकवायला आले. पुढे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेशीही ते जोडले गेले. विंडोजमधून घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. एनसीएसटी नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली.

आयडीसीतच अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ हा कळफलक तयार केला. टायपिंग न शिकलेल्या माणसाला शाळेतली बाराखडी तर येते ना, मग कळा वर्णमालेच्या क्रमानं का नकोत? नमुना करायचा, लोकांच्या हाती द्यायचा, अडलं तिथं बदलायचा, अशी कामाची रीत होती. २००४ मध्ये ‘सीएचआय’ या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यावर लेख आला. २०१३ च्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल अॅपमध्ये तीच कल्पना पुढे गेली: व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं.

सॉफ्टवेअर कंपनीत मात्र आधी नमुना करून लोकांच्या हाती देण्याची ही रीत सहज रुजली नाही. गिऱ्हाइकाकडून गरजांची यादी यायची, तिच्यावर सह्या व्हायच्या, कोड लिहिला जायचा, आणि डिझायनरला बोलावणं यायचं ते शेवटी, स्क्रीन ‘जरा नीटनेटकी’ करायला. तोवर मोडतोड परवडण्याजोगी उरलेली नसायची. अनिरुद्ध जोशी आणि आयआयटीतलेच प्राध्यापक नं. ल. सारडा यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. वापरणाऱ्यांच्या भेटी, नमुने आणि चाचण्या कोड लिहिण्याआधीच वेळापत्रकात बसवा, असं त्यांचं म्हणणं. पण व्यवस्थापकाला आकडा लागतो. म्हणून २०१० मध्ये संजय त्रिपाठी यांच्यासह त्यांनी दोन मोजमापं मांडली: सुरुवातीला ठरवलेली वापरसुलभतेची उद्दिष्टं कितपत गाठली, आणि ही कामं प्रकल्पाच्या प्रक्रियेत कितपत मिसळली. उद्योगातल्या प्रकल्पांवर ती लावून पाहिली तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांबरोबर वरखाली होताना दिसले. डिझायनरला आधी बोलवा, हे सांगायला आता निव्वळ मतापेक्षा भक्कम आधार होता.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात टंकलेखन यंत्रावरची सरकारी परीक्षा शेवटची झाली. पुढच्याच महिन्यात, २५ ते २९ सप्टेंबरला, माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहारावरची ‘इंटरॅक्ट’ ही जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली, ती पवईला.