रुळांच्या जागी घरं होती

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली की कांजूरमार्गच्या आसपास कधीकधी शेजारून एखादी मेल गाडी जाते. ती धावते कुर्ला-ठाणे पाचव्या-सहाव्या मार्गिकेवर. तिथे, अगदी रुळाला खेटून, एकेकाळी लोक राहत होते हे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

गोष्ट सुरू होते १९८५ मध्ये. फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीक देणारा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या जुलैत दिला. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'स्पार्क' ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती. देणग्यांतून आलेल्या पैशात किती घरं झाली असती? त्यांनी मोजणी केली. फुटपाथवरची सुमारे ६००० कुटुंबं, कुठून आली, कशावर पोट भरतात, सगळं. अहवालाच्या नावाचा अर्थच 'आम्ही, न दिसणारे'.

पुढे जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' जोडीला आली. या बायका घरोघर फिरून रुपया-दोन रुपये बचत गोळा करायच्या. मी कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर लिहितो. कागद नसलेल्या माणसाची पत कशी तयार करायची, याचं इतकं सरळ उत्तर आमच्या एकाही मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही.

धारावीतल्या राजीव-इंदिरा सोसायटीच्या इमारतींसाठी सिटीबँकेने कर्ज दिलं, त्यामागे ब्रिटनच्या 'होमलेस इंटरनॅशनल' या धर्मादाय संस्थेची हमी होती. म्हणजे दानाचा पैसा विटांत न जाता बँकेची भीती घालवायला वापरला.

रेल्वेलगतच्या वस्त्यांचीही अशीच यादी १९८०च्या दशकाअखेर झाली होती. ती कामी आली. मार्गिकेसाठी जागा हवी होती तेव्हा सुमारे ९०० कुटुंबं आपल्या झोपड्या स्वतः मोडून कांजूरमार्गला गेली. याउलट २००० साली रेल्वेने बुलडोझर लावला, तेव्हा त्याच शहरात हजारो घरं पडली आणि आरडाओरडा झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात साठेक हजार माणसं रुळांपासून दूर गेली.

पण कुठे गेली? बरीचशी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी, एकमेकांना चिकटलेल्या इमारतींत. घरात ऊन येत नाही, लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीचा खर्च रहिवाशांच्या गळ्यात. देणगीदार घराच्या चाव्या देण्यापर्यंत सोबत असतात, मेंटेनन्सला सहसा कुणी पैसे देत नाही. (आमच्याकडेही नवीन फीचरला बजेट मिळतं, जुना बग तसाच राहतो.)

आता ठाण्यात किसननगरला क्लस्टर योजना चालू आहे. बांधकामाचे आकडे मोठे आहेत. मला एवढंच विचारायचंय की तिथली यादी कोण करतंय, आणि भाडेकरू बाईचं नाव त्यात कुणी लिहून घेतलं का?