तोफांच्या कारखान्याशेजारची मेजवानी

गुलामगिरीची प्रथा टिकविण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये मॉन्टगमेरी येथे त्यांनी आपले निराळे सरकार स्थापन केले. या सरकारपाशी कापूस विपुल होता. मात्र तोफा ओतणारे आणि बंदुका घडविणारे कारखाने बहुतांशी उत्तरेत होते. तेव्हा उद्या ज्यांच्याशी लढावे लागेल, त्यांच्याकडूनच शस्त्रे विकत घ्यावीत, असे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी ठरविले. २१ फेब्रुवारीच्या पत्रान्वये त्यांनी ही कामगिरी राफाएल सेम्स यांच्यावर सोपविली. सेम्स हे मेरीलँडमधील कॅथॉलिक. अमेरिकेच्या नौदलाचा राजीनामा देऊन त्यांना जेमतेम आठवडा लोटला होता.

सेम्स न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स येथील कारखान्यांत हिंडले. जानेवारीतच न्यूयॉर्कच्या पोलिसांनी जॉर्जियाकडे निघालेल्या बंदुका जप्त केल्या होत्या. म्हणजे या मालाचा उपयोग कशासाठी होणार, हे विक्रेत्यांना उमगत नव्हते असे नाही. तरीही सेम्स यांना विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. बंदुकीच्या टोप्या त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर घेतल्या आणि उघडपणे मॉन्टगमेरीला धाडल्या. हलक्या तोफांचे व दारूगोळ्याचे करार झाले. तारेने निरोप पाठविताना शस्त्रांच्या नावांऐवजी कोणते सांकेतिक शब्द वापरायचे, हेही उभयतांनी ठरवून टाकले. चोरी लपविण्याची भाषा विक्रेत्यांना अवगत होती. मग चोरी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कसे म्हणावे?

१८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सेम्स यांनी या धनिकांच्या घरच्या मेजवान्यांचे वर्णन केले आहे. शेजारच्या कारखान्यात तोफांच्या नळ्या कोरल्या जात होत्या आणि त्या आवाजाच्या साथीने शॅम्पेनच्या बाटल्या उघडत होत्या. ४ एप्रिलला ते मॉन्टगमेरीला परतले. १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर तोफा धडाडल्या आणि कित्येक करार अपुरे राहिले. पुढे याच कारखानदारांपैकी अनेकांना उत्तरेच्या सरकारची कंत्राटे मिळाली आणि ते कडवे देशभक्त बनले, असा टोला सेम्स मारतात. चार वर्षांच्या त्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले.

सेम्स यांचा उपहास खरा आहे. पण अपुरा आहे. विक्रेत्याच्या डोळ्यातील कुसळ त्यांनी अचूक टिपले. आपण ही शस्त्रे कशाच्या रक्षणासाठी गोळा करीत आहोत, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. सोळावे ग्रेगरी या पोपमहोदयांनी १८३९ मध्येच गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला होता. तरीही या कॅथॉलिक अधिकाऱ्याने माणसांना मालमत्ता मानणाऱ्या राज्यासाठी तोफा खरेदी केल्या. विकणाऱ्याने दाम पाहिले, घेणाऱ्याने आपला पक्ष पाहिला. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या, त्यांच्याकडे दोघांनीही पाहिले नाही.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या काँग्रेसपुढे भाषण केले. अपार दुःख देऊ पाहणाऱ्यांना शस्त्रे का विकली जातात, असा सवाल त्यांनी केला आणि त्याचे उत्तरही दिले: पैशासाठी, रक्ताने माखलेल्या पैशासाठी. ज्या राजधानीवरून सेम्स १८६१ मध्ये खरेदीसाठी पुढे गेले, तेथेच दीडशे वर्षांनंतरही हा प्रश्न विचारावा लागला. युद्धाचा पहिला बार किल्ल्यावर उडतो, असे इतिहास नोंदवितो. आपल्या विवेकाने त्याची नोंद जरा आधीची, त्या जेवणाच्या टेबलावरची, करायला हवी.