त्रिकोणांची गोधडी

उत्तर अमेरिकेंतील दीर्घ हिवाळ्यांत चुलीशेजारीं बसून स्त्रिया कापडाचे त्रिकोण जोडीत असत. दोन त्रिकोणांचा एक चौकोन, चौकोनांची ओळ, आणि ओळींची गोधडी, असा हा क्रम. ही कला दारिद्र्यांतून उपजली, असें सामान्यतः समजतात. आम्हांस हें मत अपुरें वाटतें. एकाच मापाचे शेंकडों त्रिकोण कापावयाचे तर कापड मुबलक व स्वस्त हवें. आणि तें तेथें मिळूं लागलें एकोणिसाव्या शतकांत, गिरण्यांच्या प्रसारानंतर. त्या गिरण्यांचा कापूस बहुतांशीं दक्षिणेंतील गुलामांच्या हातचा होता. १७९३ सालीं व्हिटनेनें सरकी काढण्याचें यंत्र केलें. त्यायोगें गुलामांचे श्रम हलके न होतां कापसाचें क्षेत्र वाढलें व गुलामांची मागणीहि वाढली.

हें कांहीं स्त्रियांस सलत होतें. १८३६ सालीं बोस्टन येथें गुलामगिरीविरोधी स्त्रियांनीं भरविलेल्या जत्रेंत पाळण्यांत घालावयाची एक गोधडी विक्रीस होती. चौकोनांभोंवतीं त्रिकोण जोडून तींत तारे साधले होते, आणि मधल्या ताऱ्यावर शाईनें कविता लिहिली होती. आपल्या बाळास कवटाळणाऱ्या आईनें, जिचें मूल हिरावून विकलें जातें त्या गुलाम मातेसाठीं प्रार्थना करावी, असा तिचा आशय. ही गोधडीहि सुतीच होती.

१८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. गोधडीची ऊब सर्वांसच गोड लागते; ती कोणाच्या श्रमांची, हें विचारण्याचें धैर्य मात्र थोड्यांनाच होतें.