अक्षराऐवजी चौकोन किंवा ???? दिसतंय? फाईल सेव्ह करण्याआधी हे तपासा

यवतमाळ : व्हॉट्सॲपवर आलेला अर्ज किंवा ठरावाची फाईल उघडली आणि मराठीच्या जागी भलतंच काही दिसलं, की अनेक जण ती डिलीट करतात किंवा तशीच सेव्ह करतात. दोन्हीत नुकसान होऊ शकतं. आधी काय दिसतंय ते नीट पाहा.

चौकोन दिसत असतील तर :
मजकूर बहुतेक शाबूत असतो. प्रत्येक अक्षराला आणि इमोजीला युनिकोडमध्ये ठरलेला क्रमांक असतो. फाईलमध्ये हा क्रमांक साठवला जातो, अक्षराचा आकार फॉन्ट दाखवतो. फॉन्टमध्ये ते अक्षर नसलं की चौकोन येतो. रुपयाचं ₹ चिन्ह युनिकोडमध्ये २०१० मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते दिसत नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात गोंडी बोलली जाते. तिची मसराम लिपी २०१७ मध्ये, तर शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावावरून ओळखली जाणारी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. जुन्या मोबाईलवर या लिप्यांचे चौकोनच दिसतात.
उपाय : मोबाईल अपडेट करा. संगणकावर त्या लिपीचा गुगलचा मोफत नोटो फॉन्ट टाका.

प्रश्नचिन्हं (????) दिसत असतील तर :
हा धोका मोठा. नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘एएनएसआय’ प्रकारात सेव्ह झाला, की अक्षरं जाऊन त्यांच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हं बसतात. मग फॉन्ट बदलून उपयोग नाही. २०१९ च्या विंडोज १० अपडेटआधी नोटपॅड आपोआप हाच प्रकार निवडायचं.
उपाय : पाठवणाऱ्याकडून मूळ फाईल पुन्हा मागवा. स्वतः टाईप करत असाल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडा.

इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर :
मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असू शकतो. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. मोबाईलवर तो फॉन्ट नसतो.
उपाय : कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. नंतर नाव, गट नंबर, रक्कम मूळ कागदाशी ताडून पाहा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत चुकू शकतो.

जोडाक्षरं तुटत असतील तर :
‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द तुटून दिसला, तर दोष बहुधा ॲपचा असतो. तीच फाईल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघा.

पाठवताना हे करा :
अर्ज पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जोडता येतो, त्यामुळे समोरच्याकडे तो नसला तरी अक्षरं दिसतात. पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्या मोबाईलवर उघडून पाहा आणि मूळ फाईल स्वतःजवळ ठेवा. सेतू केंद्रातून अर्ज भरत असाल, तर प्रिंटवरचं नाव वाचल्याशिवाय सही करू नका.