तळटीप : भट्टीचा ताव

१. ताव : मौजे सोनिवली (तालुका अंबरनाथ) व बदलापूरच्या उल्हासकाठच्या पट्ट्यात विटा भाजणारा कारागीर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून, आगीच्या केवळ रंगावरून तिच्या उष्णतेचा जो अदमास घेतो, त्यास ग्रंथकाराने येथे ‘ताव’ म्हटले आहे; आणि हा अदमास निव्वळ सरावाचा नसून त्यास पदार्थविज्ञानाचा भक्कम आधार आहे, हे वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला तप्त वस्तू अंधारात मंद लाल दिसू लागते व ताव चढेल तसतशी नारिंगी, पिवळी आणि अखेर शुभ्र होते. कारण निरपेक्ष तापमान दुप्पट झाले असता आदर्श कृष्णवस्तूची उत्सर्जित ऊर्जा सोळापट होते (स्टेफान, १८७९) व तिचा भर आखूड तरंगलांबीकडे सरकतो. भट्टीच्या फटीतून पाहिले असता, जेथे ताव सर्वत्र सारखा झाला आहे तेथे विटांच्या कडाच दिसेनाशा होतात, वीट, राख व पोकळी एकाच तेजात विरून जातात : बंदिस्त पोकळीतील प्रारण द्रव्यावर नव्हे, तापमानावरच अवलंबून असते, हा किर्खोफचा सिद्धान्त इतका ढळढळीत क्वचितच दृष्टीस पडतो. प्रकाशीय उत्तापमापीतही हीच युक्ती आहे; दुर्बिणीतून दिव्याची तार भट्टीच्या तेजात लुप्त होईपर्यंत विद्युत्प्रवाह वाढवावा व प्रवाहावरून अंश वाचावेत. उघड्यावरील चकचकीत पितळी रस मात्र स्वभावतःच कमी प्रारण सोडतो. तेथे उत्सर्जनक्षमतेची दुरुस्ती केल्यावाचून आलेला आकडा खऱ्याहून कमी भरतो, सबब तो ग्राह्य धरू नये.
— संपादक